बेड्यापासून पडवीपर्यंत

कोकणात घर बांधायला निघालेला माणूस अंदाजपत्रक मांडतो, तेव्हा त्यात चिरे येतात, वाळू येते, सळई येते. कौलं की पत्रा यावर घरात वाद होतात, देवघराच्या फरशीचा रंगसुद्धा ठरतो. ग्रामपंचायतीच्या डांबरी रस्त्यापासून घराच्या पायरीपर्यंतचा शंभर-सव्वाशे फुटांचा तुकडा मात्र त्या कागदावर बहुधा नसतोच. ‘ते काय, दोन डंपर खडी टाकू’ एवढ्यावर विषय मिटतो. मग वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांची गाडी आवाराच्या तोंडाशी, बेड्याजवळच रुतते आणि यजमान धोतर खोचून मागून ढकलत असतात.

हा विसर समजण्यासारखा आहे. इथली जुनी घरं चाकांच्या हिशेबाने वसलीच नव्हती. डोंगरउतारावर वाडी, वाडीतून खाली उतरणारी जांभ्या दगडाची पाखाडी, दोन्ही अंगांना गडगे. पाखाडीची रुंदी किती, तर डोक्यावर भारा घेतलेला माणूस समोरून आला की दुसऱ्याला अंग चोरून उभं राहता येईल इतकी. आजारी माणूस डोलीतून खाली जायचा, गणपती डोक्यावरून वर यायचा, आंबा खांद्यावरून उतरायचा. चाक आलं ते गेल्या दोन-तीन पिढ्यांत. आता तर घराच्या किमतीत ‘गाडी दारापर्यंत जाते का’ हा पहिला प्रश्न झाला आहे.

लांजा तालुक्यातल्या एका वाडीतलं जोडपं यातलंच. डोंबिवलीत नोकऱ्या करून दोघं निवृत्त झाली आणि वडिलोपार्जित घर दुरुस्त करून गावी राहायला आली. वाडीत त्यांना सगळे काका-काकूच म्हणतात, तेव्हा इथेही तेच म्हणू. काका रेल्वेत होते, काकू बँकेत रोखपाल. बेड्यापासून पडवीपर्यंतचं अंतर १२० फूट. त्यावर काय करायचं याबद्दल घरात तीन मतं होती. पुण्याच्या मुलाला पेव्हर ब्लॉक हवे होते, कारण त्याच्या सोसायटीत तेच आहेत. भावोजींचं म्हणणं, एकदाच काँक्रीट करा आणि मोकळे व्हा. काका खडीच्या बाजूचे. काकूंचं मत असं होतं की आधी हिशेब बघू, मग मत देऊ.

काँक्रीटचा हिशेब त्यांनीच केला. १२० फूट लांब, १० फूट रुंद, पाच इंच जाड म्हणजे ५०० घनफूट, सुमारे १४ घनमीटर. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण आठ गोणी सिमेंट लागतं, म्हणजे एकशे दहाच्या वर गोण्या नुसत्या चाकांखाली गाडायच्या. शिवाय नळपाणी योजनेचा पाइप नेमका त्याच पट्ट्याखालून येतो. तो फुटला की काँक्रीट फोडावं लागतं, खडी मात्र फावड्याने बाजूला सारता येते. वाटेच्या कडेला एक जुना फणस आहे. त्याच्या मुळांनी ओट्याची एक कड आधीच उचलली होती. ही मुळं काँक्रीटला जुमानतील असं कुणालाच वाटेना. भावोजी गप्प झाले. पेव्हर ब्लॉकबद्दल मुलाला एवढंच सांगण्यात आलं की ब्लॉक वर बसवायचे असले तरी खालचं काम सगळं तेवढंच करावं लागतं. मग आधी खालचं करू, वरचं तू बघ.

हे ‘खालचं काम’ हाच या प्रकरणातला खरा खर्च आहे, आणि तो डोळ्यांना कधी दिसत नाही. म्हणूनच तो टाळायचा मोह होतो. दोन डंपर म्हणजे चार ब्रास, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. १२०० चौरस फुटांवर चार ब्रास पसरले की थर येतो चार इंचांचा, दबल्यावर तीनचा. दिवाळीत तो झकास दिसतो. पुढच्या श्रावणापर्यंत त्यातली निम्मी खडी चिखलात उतरलेली असते आणि उरलेली निम्मी पावसाने बेड्यापाशी आणून ठेवलेली असते. घरमालक खडीवाल्याला शिव्या देतो. बिचाऱ्याचा दोष एवढाच, की मागितली तेवढी खडी त्याने दिली.

रुंदी ठरवताना काकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. आपली गाडी केवढी हे बघण्याऐवजी त्यांनी या वाटेने कोण कोण येईल त्याची यादी केली. स्वतःची छोटी गाडी, गॅसचा टेम्पो, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या न्यायला येणारा पिकअप, आणि शेवटी, काकूंनी हळूच घातलेली, रुग्णवाहिका. मोठी गाडी पावणेसहा-सहा फूट रुंद असते. दोन्ही दारं उघडून म्हाताऱ्या माणसाला उतरवायचं तर नऊ फूटही अपुरे पडतात. दहा ठरले. वळणावर बारा, कारण वळताना गाडीची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात आणि कड तिथेच मोडते. पडवीसमोर गाडी वळवून घ्यायला जागा हवी होती, त्यासाठी तगरीची दोन झाडं हलवावी लागली. त्यावर काकूंनी दोन दिवस अबोला धरला होता, असं काका सांगतात.

मग भावकी. पहिले वीस फूट चुलतभावाच्या सातबाऱ्यावर. वहिवाट आजोबांपासूनची, पण ती पायी जाण्याची. डंपरची वहिवाट कुणी बघितली होती? अशा भानगडींसाठी कायद्यात दारं आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम १४३ ने तहसीलदार बांधावरून शेतात जायचा रस्ता देऊ शकतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मधल्या कलम ५ ने अडवलेली वाट मोकळी करून घेता येते. पण जो चुलतभाऊ रोज सकाळी विहिरीवर भेटतो, त्याच्याशी कलमांच्या भाषेत बोलणाऱ्याने गावात राहायला येऊच नये. काका त्याच्याकडे चहाला गेले. त्याने एकच अट घातली: माझ्या कुळागराचं पाणी अडता कामा नये. अट वाजवी होती. पुढे कळलं की साऱ्या कामातला सर्वांत मोलाचा सल्ला तोच होता.

कारण खडीचा रस्ता म्हणजे अर्ध्याहून जास्त पाण्याचा बंदोबस्त. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एका दिवसात शंभर मिलिमीटर ही इथे बातमी होत नाही. तेवढ्या पावसात नुसत्या या १२०० चौरस फुटांवर अकरा हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे पाण्याचा एक मोठा टँकर भरून वर उरेल इतकं. त्यात छपराच्या पागोळ्यांचं आणि मागच्या उतारावरून येणारं धरलेलं नाही. एवढं पाणी रस्त्यावरून लांबीच्या दिशेने धावू दिलं तर खडी कसली, गोटेही जातील.

पुष्कळांची समजूत असते की खडी पाणी पिते, मग गटार कशाला? वरची सुटी खडी पिते खरी. पण तिच्याखाली दाबून घट्ट बसवलेला थर असतो. त्यातून पाणी फारसं मुरत नाही, आणि मुरू नये यासाठीच तो दाबलेला असतो. खालची माती भिजली की तिची ताकद जाते, मग वर काय टाकलं आहे याला अर्थ उरत नाही.

काकूंनी पाहणी केली ती जुलैत, भर पावसात. हा मोसम मोजमापाला कुणी निवडत नाही. डोक्यावर इरलं नव्हे, रेनकोट, आणि काखेत निर्गुडीच्या काठ्यांची मोळी. पाणी जिथे वळत होतं तिथे एक काठी, साचत होतं तिथे दोन जवळजवळ, मातीचा रंग बदलत होता तिथे काठीला चिंधी. पाऊस थांबल्यावर पडवीतून पाहिलं तर जमिनीच्या पोटातला नकाशा काठ्यांनी उभा राहिला होता. वरचे ऐंशी फूट कातळाचे: वर वीतभर तांबडी माती आणि खाली टणक मुरूम, पाणी आडवं सरकून जात होतं. खालचे चाळीस फूट पूर्वी भाताच्या खाचराचा भाग. तिथे चिंध्याच चिंध्या. तिथे काठी एका हाताने रोवता येत होती. काका म्हणाले, रस्ता एकच दिसतो, पण आहेत दोन.

रस्ता ठरवते ती खालची जमीन, हा शोध नवा नाही. जॉन लाउडन मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने तो दोनशे वर्षांपूर्वी लावला होता. १७५६ साली जन्मलेला हा माणूस तरुणपणी न्यूयॉर्कमध्ये व्यापार करून परतला आणि १८१६ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, ब्रिस्टलच्या रस्त्यांचा सर्व्हेअर झाला. त्याचं म्हणणं साधं होतं: भार पेलते ती मुळातली जमीनच. तिला कोरडं ठेवा, ती काहीही पेलेल. दगडाचा थर म्हणजे तिच्यावरचं छप्पर. त्यासाठी तो दगड फोडून लहान करायला लावी. सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून जड तुकडा चालणार नाही, असा त्याचा दंडक. फोडलेल्या दगडाला कोन असतात. वाहतुकीने ते कोन एकमेकांत अडकत जातात आणि थर आपोआप घट्ट होतो. त्याने रोलरही वापरला नाही आणि माती-मुरुमाचं बंधनही घातलं नाही. पाणी मारून, मुरूम भरून, रोलर फिरवायची रीत नंतरची. आपल्याकडे सरपंचापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘डब्ल्यूबीएम’चा रस्ता तो हाच, आणि त्यातल्या ‘एम’मध्ये हा मॅकॅडम बसला आहे.

त्याचा समकालीन टॉमस टेलफर्ड, तोही स्कॉटिश, एका मेंढपाळाचा मुलगा, त्याच्याहून एक वर्षाने लहान. त्याचा मॅकॅडमशी मुद्द्यावरच मतभेद. टेलफर्ड म्हणे, खाली मोठे दगड हाताने उभे रचून भक्कम पाया घाला, मग वर बारीक. मॅकॅडमला हा पैशाचा अपव्यय वाटे. हा वाद लांज्याच्या त्या वाडीत जसाच्या तसा पुन्हा झाला. मुकादम, तीस वर्षं रस्त्यांवर काम केलेला माणूस, म्हणाला, ‘‘सोलिंग केल्याशिवाय मी हात लावणार नाही.’’ सोलिंग म्हणजे टेलफर्डचा तोच मोठ्या दगडांचा पाया. काकांनी कुठेतरी वाचलेलं सांगितलं, की सोलिंगची गरज नाही, पाणी काढून दिलं की पुरे. मुकादमाने उत्तर न देता खालच्या पट्ट्यात पहार मारली. पहार हातभर आत गेली आणि वर काढताना पचकन आवाज आला. मग वरच्या पट्ट्यात मारली, तिथे ठिणगी उडाली.

वाटाघाटी तिथेच झाल्या. वर मॅकॅडम, खाली टेलफर्ड.

आणि या दोघांच्या पंगतीत एका मराठी माणसाचं पान मांडायलाच हवं. देशातल्या रस्त्यांची कहाणी सांगताना पेशव्यांच्या घाटवाटा येतात, १८३० मध्ये चाकांसाठी खुला झालेला बोरघाट येतो. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर मात्र क्वचित येतात. १९२७ मध्ये सरकारने नेमलेल्या रस्तेविकास समितीचे ते अध्यक्ष होते. रस्ते हा प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेरचा विषय झाला आहे, त्यासाठी पेट्रोलवर कर बसवून वेगळा निधी उभारा, असं या समितीने सुचवलं. १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झाला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून जयकर सर्वांना ठाऊक झाले. विद्यापीठातल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे, रस्त्यांच्या बाबतीत मात्र ते इंजिनिअरिंगच्या पोरांच्या परीक्षेपुरते उरले. त्यांचं सूत्र घरालाही लागू पडतं. रस्त्याचे पैसे घराच्या पैशातून ‘उरले तर’ काढायचे नसतात, त्यांची वही वेगळी लागते.

काकूंची वही वेगळी होती. तिच्यातला हिशेब असा. खालचे चाळीस फूट सोलिंग, नऊ इंच: तीन ब्रास. त्यावर आणि वरच्या पट्ट्यावर मिळून तीन इंचांचा दाबलेला थर. इथे लोक चुकतात. चार इंच सुटी खडी टाकावी तेव्हा दाबून तीन इंच होते, म्हणून ३०० घनफुटांच्या जागी ४०० घनफूट, म्हणजे चार ब्रास. सांधे भरायला चुरी, एक ब्रास. वरचा सुटा थर दीड इंचाचा, दहा-बारा मिलिमीटरच्या खडीचा, दीड ब्रास. एकूण साडेनऊ, धरा दहा. दोन डंपरचे पाच झाले.

दगडाचा भाव खाणीवर कमी आणि अंतरावर जास्त ठरतो. रॉयल्टी २०२१ मध्ये ब्रासमागे ६०० रुपये झाली, ती सगळीकडे सारखी. जीएसटीही सारखाच. फरक पडतो डिझेलचा. जागेवर पोचता भाव ब्रासला साडेतीन हजार धरला तर दहा ब्रासचे पस्तीस हजार होतात. खाण आणखी वीस किलोमीटर लांब असेल तर हाच आकडा ऐकून माणूस पाणी पितो. म्हणून शहाणा माणूस आधी खाण शोधतो आणि मग खडीचा रंग ठरवतो. पावती आणि वाहतुकीचा पास मागून घेतो, कारण बिनपावतीच्या डंपरचा दंड कुणाच्या गळ्यात पडेल याचा नेम नसतो.

पण खडी म्हणजे निम्मंच अंदाजपत्रक. उरलेलं निम्मं गेलं जेसीबीच्या तासांत, रोलरच्या भाड्यात, मजुरीत, चुलतभावाच्या कुळागराकडे पाणी नेणाऱ्या फूटभर व्यासाच्या सिमेंटच्या पाइपात आणि दोन्ही कडांच्या चिऱ्यांत. कडा बांधल्या नाहीत तर खडी हळूहळू दोन्हीकडे पसरत जाते आणि पाच वर्षांत दहा फुटांचा रस्ता चौदा फुटांचा, पण मधे टकला, होतो. दोन्ही बाजू मिळून २४० फूट, चौदा इंची चिरा लांबीत ठेवला तर दोनशेच्या वर चिरे. आणि एक बाब कुणाच्याच कागदावर नसते: खणून काढलेली माती. ती उपसली की पाव पटीने फुगते. ती टाकायची कुठे? काकूंनी ती आधीच वाटून टाकली होती. वरची सुपीक वीतभर माती माड-पोफळींच्या आळ्यांना, खालची चिकट गडग्याच्या पलीकडच्या खड्ड्यात. वहीच्या शेवटच्या ओळीत ‘अचानक’ असं लिहून एकूण रकमेच्या पंधरा टक्के ठेवले होते. बँकेत आयुष्य गेलेल्या बाईला ठाऊक होतं की अचानक येणारा खर्चच सर्वांत भरवशाचा.

पहिला डंपर आला तेव्हा काकू टेप घेऊन उभ्या. हौदा आतून साडेदहा फूट लांब, साडेसहा रुंद, तीन उंच: गुणाकार २०४, म्हणजे दोन ब्रासला चार घनफूट वर. चालक खूश. मग काकूंनी मुकादमाला वर चढवलं आणि हातात काठी दिली. काठी चार कोपऱ्यांत आणि मधोमध, पाच ठिकाणी खोचायची, प्रत्येक खेपेला खडी कुठवर आली ते खडूने खूण करायची. सरासरी निघाली पावणेतीन फूट. साडेदहा गुणिले साडेसहा गुणिले पावणेतीन, १८७.

‘‘काकू, खडी वाटेत दबते हो,’’ चालक म्हणाला. खोटं बोलत नव्हता तो. हादऱ्यांनी दबते.

‘‘दबू दे की दादा. मग पैसेपण दबलेले घे.’’

पुढचे सगळे डंपर शिगोशीग भरून, टोपी घालून आले.

डंपरची गंमत वेगळीच आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावर भरलेले ट्रक फिरवले, लाखो फेऱ्या. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. छोट्या गाडीच्या आसावर सहाशे किलो असतील आणि भरलेल्या डंपरच्या मागच्या आसावर नऊ टन, तर भार पंधरा पट, पण झीज पन्नास हजार पटींच्या घरात. तो ठोकताळा पक्क्या रस्त्यांसाठीचा, खडीला तंतोतंत लागू नाही, तरी रोख कळतो. घरच्या रस्त्यावरून आयुष्यात सर्वांत जड काय जाणार असेल, तर तो बांधायला आलेला डंपर. म्हणून ओल्या जमिनीवर तो आत घ्यायचा नाही, दिवाळी उलटल्यावर जमीन तडकेपर्यंत थांबायचं, आणि टाकलेल्या थरावरूनच मागे मागे घेत पुढचा थर ओतत जायचं. संडासाची टाकी कुठे आहे याची खूणही आधी करून ठेवायची. शेजारच्या गावात एका डंपरचं मागचं चाक थेट टाकीत गेलं होतं, ही कथा मुकादम प्रत्येक कामावर सांगतो, आणि प्रत्येक वेळी गाव बदलतो.

दाबण्याचं काम कंटाळवाणं, आणि तिथेच मजूर घाई करतात. थर एकावेळी चार इंचांहून जाड टाकला तर रोलरचा दाब तळापर्यंत पोचत नाही, वर कवच आणि खाली भुसभुशीत. रोलर कडेकडून मध्याकडे आणायचा. उलटं केलं तर खडी कडेला पळते आणि मधला उंचवटा जातो. तो उंचवटा फार नव्हता. दहा फुटांच्या रुंदीत मध्यभाग कडांपेक्षा दोन इंच उंच, बस. डोळ्याला कळतही नाही, पण पाण्याला कळतो. दोरी, खुंट्या आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन मुकादमाने तो साधला. कोपऱ्यात रोलर जाईना तिथे जुनं लाकडी धुमस बाहेर निघालं. शेणाने सारवायची जमीन ज्याने पूर्वी ठोकायचे तेच.

खाचराच्या पट्ट्यात सोलिंगखाली जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरायचं का, यावर चर्चा झाली. चिखल आणि दगड एकमेकांत मिसळू नयेत एवढंच त्याचं काम. गवत उगवू नये म्हणून लोक ते सगळीकडे घालतात, ते मात्र फसवं आहे. गवत खालून येत नाही; फणसाची पानं कुजून वरच माती होते आणि बी तिच्यात रुजतं. काकूंनी फक्त चाळीस फुटांना कापड मंजूर केलं.

वरच्या थरासाठी मुलाने नदीतल्या गुळगुळीत गोट्यांचे फोटो पाठवले होते. दिसतात सुंदर. पण गोल गोटा कुठेच अडकत नाही, चाकाखाली घरंगळतो, माणसाच्या पायाखालीही. शिवाय नदीतून उचलायचा तर परवानगीचा वेगळा जाच. काळ्या बसाल्टची क्रशरची खडी, कोनांची, राखट रंगाची, कुणाच्या फोटोत न शोभणारी, तीच ठरली.

खडीचे दोषही सांगायला हवेत. सुट्या खडीवर वॉकर चालत नाही, चाकाची खुर्ची तर नाहीच. काकांच्या आई ब्याऐंशी वर्षांच्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, ‘‘गाडीची सोय केलीत, माझी वाट घेतलीत.’’ मग घरातल्या उरलेल्या आणि कडेतून वाचलेल्या चिऱ्यांची दोन फुटांची पाखाडी रस्त्याच्या एका अंगाने नव्याने घातली गेली. ‘अचानक’मधली बरीचशी रक्कम तिथेच गेली. बारीक खडी चपलांतून पडवीत येते, तिथून माजघरात. झाडूला ती दाद देत नाही. उन्हाळ्यात धूळ असते. आणि चढ जिथे बारा फुटांना एक फुटाहून तीव्र असतो, तिथे सुटी खडी टाकणं म्हणजे पावसाला आमंत्रण. अशा ठिकाणी चाकांपुरत्या दोन काँक्रीटच्या पट्ट्या बऱ्या. इथे सुदैवाने तेवढा चढ नाही, तरी ऐंशी फुटांच्या पट्ट्यात दोन ठिकाणी चिऱ्यांचे तिरके उथळ चर काढले, वाहतं पाणी मधेच गटारात वळवायला. गाडी त्यांवरून जाताना किंचित उडते. मुलाला ते आवडलेलं नाही.

मुकादमाची शेवटची अट सर्वांत अवघड होती: दीड इंचाचा वरचा थर यंदा टाकायचा नाही. एक पावसाळा नुसत्या दाबलेल्या थरावर जाऊ द्यायचा, कुठे बसतं, कुठे पाणी थांबतं ते बघायचं, ते भरून काढायचं आणि मगच वरची खडी. घर नुकतंच दुरुस्त झालेलं, पाहुणे येणार, गणपती येणार आणि रस्ता अर्धवट दिसणार. काका तयार नव्हते. काकूंनी वही दाखवली: दीड ब्रासचे पैसे पुढच्या वर्षाच्या रकान्यात होते.

पावसाळ्यात दोन जागा बसल्या. एक वळणावर, जिथे कड आतून मोडेल असं वाटलं होतं तिथेच. दुसरी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती: पडवीसमोर, पागोळ्या थेट जमिनीवर पडतात तिथे हातभर लांब चर पडला होता. पन्हळ लावायची राहून गेली होती. फूटभर पाइपातून कुळागराकडे पाणी नीट गेलं. एकदा तोंडाशी फणसाची पानं अडकली, ती चुलतभावाने स्वतःच काढली.

गणपतीला सगळे जमलेले असताना त्याने विषय काढला. धाकटा मुलगा पिकअप घेतोय, आमच्या खळ्यापर्यंत एक फाटा काढला तर? मग पहिल्या वीस फुटांचा खर्च कुणाचा, यावर पडवीत बैठक बसली. जमीन त्याची, खडी यांची, वाट दोघांची. काकूंनी वही आणली. वीस फूट बाय दहा फूट, दीड इंच: पंचवीस घनफूट, पाव ब्रास. एवढ्यासाठी वेगळा डंपर येणार नाही, तेव्हा दोघांची खडी एकाच खेपेला मागवायची, पाव ब्रास निम्मा-निम्मा, आणि फाट्याच्या मोरीचा पाइप चुलतभावाने घ्यायचा, असं ठरलं. मोरी किती व्यासाची यावर मात्र एकमत झालं नाही. त्याचं म्हणणं नऊ इंच पुरे, काकूंचं म्हणणं बारा. मुकादमाला विचारायचं ठरलं, पण तो तेव्हा राजापूरला दुसऱ्या कामावर होता आणि दसऱ्यापर्यंत येणार नव्हता.